कृषकांचे शिक्षणमहर्षी डॉ. पंजाबराव देशमुख

पांढुर्णा आणि सौंसर हा मुलूख आज मध्यप्रदेशात आहे, आणि अमरावती महाराष्ट्रात. १९५६ च्या नोव्हेंबरात राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा वऱ्हाड-नागपूरचे मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाड्याचा हा दक्षिण भाग, घरात व बाजारात मराठी बोलत असूनही, मागे राहिला. पुढे २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. तथापि ज्या पुरुषाचे स्मरण येथे करावयाचे आहे, त्याच्या उमेदीच्या काळात ही सीमा मुळी अस्तित्वातच नव्हती. मध्यप्रांत व वऱ्हाड असा तो एकच प्रांत होता, त्याची राजधानी नागपूर होती, आणि १९३० ते १९३३ या काळात त्या प्रांताचे शिक्षणखाते व कृषिखाते ज्यांच्या हाती होते, ते पापळचे डॉ. पंजाबराव शामराव देशमुख हेच तिगावच्या शाळेचेही मंत्री होते आणि तिगावच्या कास्तकाराचेही. त्यांची जयंती २७ डिसेंबरला येते. सीमेपलीकडे ती मोठ्या थाटाने साजरी होते. सीमेच्या अलीकडेही ती तितक्याच हक्काने साजरी व्हावी, असा हा पूर्वसंबंध आहे.

पंजाबरावांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ या गावी झाला. वडील शामराव, आई राधाबाई. घराण्याचे मूळ आडनाव कदम. देशमुखीमुळे देशमुख हे नाव रूढ झाले. नावात देशमुखी होती, परंतु घर होते शेतकऱ्याचेच. पाऊस वेळेवर आला तर सुगी, नाही तर सावकार, हा क्रम या घरालाही चुकलेला नव्हता. पापळच्या शाळेत जेवढे शिक्षण मिळण्यासारखे होते तेवढे झाल्यावर हा मुलगा चांदूर रेल्वे, कारंजा आणि शेवटी अमरावती असा गाव बदलत शिकत गेला. खेड्यातील हुशार मुलाच्या शिक्षणाची ही वाट त्या काळी सर्वत्र सारखीच होती. दर दोन-तीन इयत्तांनंतर गावातली शाळा संपे, आणि पुढच्या गावी कोणाच्या तरी घरी आश्रय शोधावा लागे. आश्रय न मिळाला तर शिक्षण तेथेच थांबे. ज्यांचे असे थांबले त्यांची गणती कोणी ठेवली नाही. पंजाबरावांनी पुढे वसतिगृहावर इतका भर का दिला, हे समजण्यास ही एक गोष्ट पुरेशी आहे.

अमरावतीहून ते पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात गेले आणि १९२० मध्ये, तेथील अभ्यासक्रम पुरा होण्यापूर्वीच, विलायतेस निघाले. त्यासाठी शामरावांना शेती गहाण टाकावी लागली. एका पिढीची जमीन दुसऱ्या पिढीच्या विद्येसाठी तारण ठेवावयाची, हा व्यवहार पाहणाऱ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांस वेडेपणाचा वाटला असल्यास नवल नाही. शेतकऱ्याच्या घरी जमीन गहाण पडते ती लग्नात, आजारपणात किंवा दुष्काळात; संस्कृतच्या अभ्यासासाठी ती गहाण पडल्याची उदाहरणे फार नाहीत.

आणि तो अभ्यास खरोखरच संस्कृतचा होता. एडिंबरो विद्यापीठात त्या वेळी संस्कृतच्या अध्यासनावर ए. बी. कीथ यांच्यासारखा वेदविद्येचा जगन्मान्य पंडित होता. पंजाबरावांनी तेथून एम. ए. ची पदवी घेतली. नंतर ऑक्सफर्ड विद्यापीठात वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम व विकास हा विषय घेऊन प्रबंध लिहिला व डॉक्टर ही पदवी संपादन केली. तो प्रबंध १९३३ मध्ये ऑक्सफर्डच्या मुद्रणालयाकडून ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. याच काळात ते बॅरिस्टरही झाले. ज्या वेदांचे अध्ययन ही शतकानुशतके काही विशिष्ट घराण्यांची मिरास मानली गेली होती, त्या वेदांवर पापळच्या कुणबिकीतून आलेल्या तरुणाने ग्रंथ लिहावा, यात त्या काळाच्या उलथापालथीचे चित्र आहे. मात्र त्यांनी हे पांडित्य कधी मिरवले नाही. पुढील आयुष्यात त्यांच्या व्याख्यानांचा विषय बहुधा कापूस, कर्ज आणि शाळा हाच राहिला.

१९२६ मध्ये ते स्वदेशी परतले व अमरावतीस वकिली करू लागले. बॅरिस्टरीचा मान मोठा होता, आणि कर्जफेडीची निकडही. त्यांनी काही वर्षे केवळ द्रव्यार्जनाकडे लक्ष दिले असते तर त्यांस कोणी दोष दिला नसता. परंतु परतल्यावर वर्ष-दीड वर्षाच्या आतच त्यांनी एकामागून एक जी कामे हाती घेतली, त्यांत पुढील सर्व चरित्राची बीजे सापडतात.

पहिले काम वसतिगृहाचे. स्वामी श्रद्धानंदांचा वध १९२६ च्या डिसेंबरात झाला. त्यांचे नाव दिलेले श्रद्धानंद छात्रालय पंजाबरावांनी १९२६-२७ च्या सुमारास अमरावतीत सुरू केले. यातील विशेष हा की, येथे निरनिराळ्या जातींची मुले एकाच छपराखाली राहत आणि एकाच पंक्तीस जेवत. अस्पृश्य मानलेल्या समाजातील मुलेही त्यांत होती. आज हे वाक्य वाचताना त्यात काही धक्कादायक वाटत नाही; परंतु ज्या काळी गावच्या विहिरीचे पाणी जातीजातींत वाटले गेले होते, त्या काळी एका स्वयंपाकघराचा अर्थ काय होता, हे जुन्या माणसांस सांगावयास नको. पंक्तिभेदावर भाषणे करणारे सुधारक पुष्कळ होते. पंजाबरावांनी रोज दोन वेळा मुलांस एकत्र जेवू घातले.

दुसरे काम १९२७ चे, अमरावतीच्या अंबादेवी मंदिराचे. हे देवस्थान साऱ्या वऱ्हाडचे श्रद्धास्थान, परंतु त्याचा उंबरठा अस्पृश्यांस बंद होता. तो उघडावा म्हणून चळवळ सुरू झाली, आणि नोव्हेंबर १९२७ मध्ये अमरावतीस वऱ्हाडातील अस्पृश्य समाजाची परिषद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली भरली. पंजाबराव या चळवळीच्या पाठीशी उघडपणे उभे राहिले. ते स्वतः मराठा समाजातले, मंदिराचा दरवाजा त्यांच्यासाठी उघडाच होता; म्हणूनच त्यांच्या उभे राहण्यास वजन होते. स्वजातीयांचा व प्रतिष्ठितांचा रोष त्यांनी पत्करला. वेदांतील धर्माचा इतिहास ज्याने ऑक्सफर्डमध्ये बसून अभ्यासला, त्याला मंदिराच्या उंबरठ्यावर आडवी घातलेली रूढी कोणत्या ऋचेत सांगितली आहे हा प्रश्न पडला असेल, तर तो प्रश्न विचारण्याचा अधिकार त्याच्याइतका कोणासही नव्हता.

त्याच महिन्यात, २६ नोव्हेंबर १९२७ रोजी, त्यांनी मुंबईच्या विमलाबाई वैद्य यांच्याशी विवाह केला. विमलाबाई सोनार समाजातल्या. आंतरजातीय विवाहाचे समर्थन व्यासपीठावरून करणे आणि स्वतःच्या घरात तो घडवून आणणे यांत अंतर असते. पंजाबरावांनी ते अंतर ठेवले नाही. विमलाबाईंनीही पुढे सार्वजनिक कार्यात स्वतःचे स्थान निर्माण केले, व पतीच्या निधनानंतर १९६७ ते १९७२ या काळात त्या राज्यसभेच्या सदस्या होत्या.

याच वर्षी त्यांनी शेतकरी संघाची स्थापना केली आणि त्याची बाजू मांडण्यासाठी ‘महाराष्ट्र केसरी’ हे पत्र चालविले.

१९२८ मध्ये ते अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत व्हावे, हे गोपाळ कृष्ण गोखल्यांचे स्वप्न. त्यांनी १९११ मध्ये वरिष्ठ कायदेमंडळात त्यासाठी विधेयक आणले होते आणि पुढल्याच वर्षी ते फेटाळले गेले होते. मध्यप्रांतात १९२० मध्ये प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला खरा, परंतु त्याने सक्ती आपोआप आली नाही. आपापल्या हद्दीत सक्ती लागू करावी की नाही, हे त्याने स्थानिक संस्थांवर सोपविले. याचा व्यवहारातला अर्थ असा की, ज्या जिल्ह्याचे कारभारी उत्साही तेथे शाळा, आणि ज्या जिल्ह्याचे कारभारी उदासीन तेथे कोरा कागद. पंजाबरावांनी अमरावती जिल्ह्यात सक्तीच्या शिक्षणाचा पाठपुरावा हाती घेतला, आणि त्याच अधिकारात सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांस खुल्या करविल्या. या दोन गोष्टी त्यांच्या मनात वेगळ्या नव्हत्या. जे मूल विहिरीवर पाण्यास मुकते ते शाळेतही कोपऱ्यातच बसते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

१९३० मध्ये ते प्रांतिक कायदेमंडळावर निवडून आले व मंत्री झाले. या ठिकाणी त्यांच्या चरित्रातील एका अवघड प्रश्नाकडे डोळेझाक करून चालणार नाही. १९३० हे वर्ष मिठाच्या सत्याग्रहाचे. काँग्रेसने कायदेमंडळांवर बहिष्कार टाकला होता, हजारो लोक तुरुंगात जात होते. मध्यप्रांतात जंगल-सत्याग्रहाने गावेच्या गावे पेटली होती. अशा वेळी सरकारी मंत्रिपद स्वीकारणे हे अनेक देशभक्तांस रुचले नाही, आणि त्यांचा राग समजण्यासारखा होता. पंजाबरावांचा विचार वेगळा होता. ब्राह्मणेतर चळवळीतून आलेल्या त्यांच्यासारख्यांस वाटे की, स्वराज्य येईल तेव्हा येईल, परंतु तोवर जी सत्ता हाती लागते ती शेतकऱ्याच्या मुलासाठी न वापरणे हा अपराध आहे. तुरुंगात गेलेल्यांचा त्याग थोर होता यात शंका नाही. परंतु त्या तीन वर्षांत जी कामे झाली, त्यांचाही हिशेब मांडला पाहिजे. पुढे काळाने हे दोन्ही प्रवाह एकत्र आणले आणि पंजाबराव काँग्रेसतर्फेच घटना समितीत व लोकसभेत गेले.

मंत्रिपद म्हणजे पूर्ण सत्ता असा मात्र समज नसावा. १९१९ च्या कायद्याने प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आली होती. शिक्षण, शेती, सहकार यांसारखी लोकोपयोगी खाती हिंदी मंत्र्यांकडे सोपविलेली. जमाखर्च, जमीनमहसूल व पोलीस ही मात्र गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे राखीव. म्हणजे शाळा उघडण्याची जबाबदारी मंत्र्याची आणि तिजोरीची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला. त्यातून ती वर्षे जागतिक मंदीची. कापसाचे भाव कोसळले. ज्या पिकावर वऱ्हाड, नागपूर आणि सौंसरचा काळा पट्टा जगत होता, त्या पिकाला लागवडीचा खर्चही निघेना. सारा मात्र जसाच्या तसा, आणि सावकाराचे व्याज वाढते. अमरावतीचा शेतकरी आणि पांढुर्ण्याचा शेतकरी यांची त्या वर्षांची कहाणी एकच होती.

या संकटात पंजाबरावांनी कर्जलवादाची कल्पना पुढे रेटली, आणि १९३३ मध्ये मध्यप्रांतात तसा कायदा झाला. अशा प्रकारचा हा देशातील अगदी आरंभीचा कायदा. त्यामागून पंजाब, बंगाल इत्यादी प्रांतांनी आपापले कायदे केले. त्याची रीत साधी होती. धनको व ऋणको या दोघांस लवादमंडळापुढे बोलवावयाचे, मूळ मुद्दल किती आणि फुगलेले व्याज किती हे पाहावयाचे, दोघांच्या संमतीने रक्कम कमी करावयाची आणि उरलेली हप्त्यांनी फेडण्याची सोय करावयाची. दिवाणी कोर्टात शेतकरी जाई तो हरण्यासाठीच, कारण अंगठा त्याचा असे आणि अक्षर सावकाराचे. लवादापुढे निदान त्याचे तोंडी म्हणणे ऐकले जाई. कर्ज आणि निरक्षरता या एकाच दुखण्याच्या दोन बाजू आहेत, हे ज्याला या व्यवहारातून उमगले, त्याने शाळा काढण्याचा ध्यास घ्यावा हे ओघानेच आले.

मठाच्या स्मरणग्रंथात आणखी एका प्रयत्नाचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. १९३२ मध्ये पंजाबरावांनी हिंदू देवस्थानांच्या संपत्तीविषयी एक विधेयक मांडले. देवळांकडे व धर्मसंस्थांकडे दानरूपाने साठलेल्या संपत्तीचा चोख हिशेब राहावा आणि तिचा विनियोग शिक्षणादी समाजोपयोगी कार्यासाठी व्हावा, हा त्याचा आशय. धर्मावर घाला म्हणून त्याकडे पाहणारे निघाले. वास्तविक पाहता, दान देणाऱ्याने ते लोककल्याणासाठीच दिलेले असते. अन्नछत्र, पाठशाळा व धर्मशाळा ही मठ-मंदिरांची जुनीच अंगे होत. पंजाबरावांनी नवे काही सांगितले नाही. जुने विसरले गेले होते, त्याची आठवण कायद्याच्या भाषेत करून दिली, इतकेच. मात्र गोड शब्दांत करून दिली असती तर विरोध कमी झाला असता, असे मानण्यास जागा आहे. त्यांचा स्वभाव तसा नव्हता.

१९३३ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. तत्पूर्वीच, १९३२ मध्ये, अमरावतीस श्री शिवाजी शिक्षण संस्थेची स्थापना झाली होती, आणि पंजाबरावांच्या नावाचा उच्चार ज्या कार्यामुळे वऱ्हाडच्या खेड्याखेड्यांतून आजही होतो ते हेच. विदर्भात तोवर चांगल्या शाळा नव्हत्या असे नाही. परंतु त्या शहरांत होत्या, आणि शहरात राहण्याची ऐपत असलेल्यांसाठी होत्या. शिवाजी संस्थेने हा क्रम उलटा केला. जेथे मुलगा आहे तेथे शाळा न्यावयाची. जेथे ते शक्य नाही तेथे मुलाला आणून वसतिगृहात ठेवावयाचे. पश्चिम महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ पासून रयत शिक्षण संस्थेच्या द्वारे जे चालविले होते, त्याच जातीचे हे काम. दोघांची साधने निराळी होती. भाऊराव अनवाणी पायांनी गावोगाव हिंडणारे, आणि पंजाबराव बॅरिस्टरचा पोशाख करणारे. परंतु दोघांच्याही नजरेसमोरचा मुलगा एकच होता.

१९४६ मध्ये संस्थेने अमरावतीस महाविद्यालय सुरू केले. पुढे कृषी, विधी, अभियांत्रिकी, विज्ञान अशा शाखा वाढत गेल्या, आणि पंजाबरावांच्या पश्चात, १९८४ मध्ये, त्यांच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालयही निघाले. विदर्भातील सर्वांत मोठ्या शिक्षणसंस्थांत तिची गणना होते. या संस्थेच्या वर्गांतून जी पहिली पिढी बाहेर पडली, तिच्यातील पुष्कळांच्या घरी त्यापूर्वी कोणीही पाटीला हात लावलेला नव्हता. त्यांतून शिक्षक निघाले, वकील निघाले, मामलेदार निघाले. आणि त्यांनी या बॅरिस्टरला भाऊसाहेब म्हणावयास सुरुवात केली. ते नाव पुढे सर्वतोमुखी झाले.

घटना समितीत ते मध्यप्रांत-वऱ्हाडचे प्रतिनिधी म्हणून बसले. तेथे त्यांचा आवाज मुख्यत्वे दोन बाबतींत उठे. एक, शेतकरी आणि ग्रामीण जनता यांस राज्यकारभारात त्यांच्या संख्येच्या प्रमाणात स्थान असावे. दुसरी, अनुसूचित जातींच्या पलीकडेही जे मागासलेले समाज आहेत त्यांच्या उन्नतीची हमी घटनेने द्यावी. पहिली मागणी घटनेच्या चौकटीत बसण्यासारखी नव्हती. दुसरीचा मात्र पाठपुरावा त्यांनी पुढेही चालू ठेवला व मागासवर्गीयांची अखिल भारतीय संघटना उभारण्यात पुढाकार घेतला. १९४९ च्या ऑगस्टमध्ये नागरिकत्वाच्या कलमावर त्यांनी सुचविलेली दुरुस्ती, जी धर्माच्या आधारे काहींस नागरिकत्वाचा विशेष अधिकार देऊ पाहत होती, ती मात्र सभेने नाकारली, आणि योग्यच केले. फाळणीच्या जखमा ओल्या असताना मोठमोठ्यांचे तोल ढळले. छात्रालयात सर्वांस एका पंक्तीत बसविणाऱ्या पंजाबरावांकडून निराळी अपेक्षा होती, एवढेच येथे नोंदवावे.

१९५२, १९५७ आणि १९६२ अशा तीनही निवडणुकांत अमरावतीने त्यांस लोकसभेवर पाठविले, आणि १९५२ ते १९६२ ही दहा वर्षे ते केंद्रात कृषिखात्याचे मंत्री होते. देश त्या वेळी अन्नधान्यासाठी परदेशांवर अवलंबून होता. १९५३ पासून त्यांनी जपानी पद्धतीच्या भातलागवडीचा देशभर प्रसार चालविला. बी निवडून घ्यावयाचे, गादीवाफ्यावर रोपे तयार करावयाची, ती ठराविक अंतरावर ओळीने लावावयाची, खताची मात्रा मोजून द्यावयाची, असा हा प्रकार. भात हे वऱ्हाडचे पीक नव्हे. परंतु मंत्री आपल्या जिल्ह्याच्या पिकापुरता पाहत नव्हता, ही जमेची बाजू. १९५५ मध्ये त्यांनी भारत कृषक समाज स्थापन केला. कामगारांच्या संघटना आहेत, व्यापाऱ्यांच्या आहेत, गिरणीमालकांच्या आहेत. देशातील सर्वांत मोठा वर्ग तेवढा विस्कळीत आहे, ही १९२७ च्या शेतकरी संघापासूनची त्यांची खंत येथे राष्ट्रव्यापी झाली. ११ डिसेंबर १९५९ रोजी दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शनाचे उद्घाटन झाले, त्या समारंभास अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर उपस्थित होते. निरनिराळ्या राष्ट्रांच्या दालनांतून भारताच्या खेड्यांतून आलेले शेतकरी पागोटी सावरीत हिंडत होते, आणि यंत्रे न्याहाळत होते. पंजाबरावांच्या मंत्रिपदातील सर्वांत आनंदाचे दिवस ते असावेत.

१० एप्रिल १९६५ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. वय सहासष्ट वर्षांचे होते. त्यानंतर चार वर्षांनी, २० ऑक्टोबर १९६९ रोजी, अकोल्यास विदर्भासाठी कृषी विद्यापीठ स्थापन झाले व त्यास पंजाबरावांचे नाव देण्यात आले. सीमेच्या अलीकडील संत्रा व कापूस पिकविणाऱ्या गावांची माती आणि हवा अकोल्याच्या प्रयोगशेतांशी जेवढी जुळते, तेवढी दूरच्या जबलपूरशी जुळत नाही. महाराष्ट्र शासनाची वसतिगृहात राहून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना निर्वाहभत्ता देणारी एक योजनाही त्यांच्या नावाने चालते. पापळहून चांदूरला, चांदूरहून कारंज्याला राहण्याची जागा शोधीत गेलेल्या मुलाचे नाव त्या योजनेला आहे.